चारही चाकांनी काझाला

हिमाचल प्रदेशाचा नकाशा पुढ्यात घ्या. मनाली सापडली? आता तिथून बोट सरळ उजवीकडे सरकवा. काझा नावाचा एक बारीकसा ठिपका दिसेल. स्पीती खोऱ्यातलं हे मुख्य गाव. बोटाने गेलात तर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पुणे-कोल्हापूरपेक्षाही कमीच. कोल्हापूरला आपण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचतो. इथे मात्र पहाटे निघालेली गाडी दिवेलागणीला काझात शिरली, तर लोक म्हणतात, "वा, आज रस्ता चांगला होता!"

असं काय आहे त्या रस्त्यात? आणि अशा रस्त्यावर कसली गाडी लागते? २०२२ सालच्या जूनअखेरीला मी आणि माझी सातवीतली भाची या वाटेने गेलो, तेव्हा तिच्या वहीत हेच दोन प्रश्न पहिल्या पानावर होते. पुढची पानं कशी भरली, ते आता तुम्हीच बघा.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. आमच्या ड्रायव्हरभाईजींची स्वतःची गाडी होती, रेनॉ डस्टर. डिझेलवर चालणारी आणि ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे गरज पडली तर चारही चाकांना ताकद पुरवणारी. हिचं मूळ गाव थेट रोमानियातलं! तिथे डाचिया नावाची मोटार कंपनी आहे. रोमन लोक त्या प्रदेशाला डाचिया म्हणत, त्यावरून हे नाव. ही कंपनी १९९९ साली फ्रान्सच्या रेनॉने घेतली आणि २०१० साली डस्टर बाजारात आणली. खेड्यापाड्यातल्या चिखलाच्या, बर्फाच्या रस्त्यावर चालेल आणि शेतकऱ्यालाही परवडेल अशी दणकट गाडी हवी, हा त्यामागचा विचार. भारतात ती २०१२ साली आली. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात ती तयार होत असे. चारही चाकं ओढणारी डस्टर इथे २०१४ साली मिळू लागली. २०२० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा तिचं डिझेल इंजिन भारतात बंद झालं. पण हिमाचलात या जुन्या डिझेल डस्टर अजून रस्त्यावर दिसतात. आणि भाईजींना विचाराल, तर ते आपली गाडी विकायचं नावही काढत नाहीत.

गाडी तशी छोटीच. लांबी सुमारे ४.३ मीटर. पण पोट जमिनीपासून चांगलं वर. भाचीने मनालीलाच कंपासपेटीतली पट्टी काढून मोजायचा प्रयत्न केला आणि हात काळे करून घेतले. खरा आकडा २१० मिलिमीटर. तुमच्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर एकवीसवर बोट ठेवा, तेवढा दगड पोटाखालून सुखरूप जाईल. बाविसावा सेंटिमीटर मात्र "खट्ट" म्हणेल.

पहाटे पाचला निघालो. पूर्वी मनालीहून पहिलाच टप्पा म्हणजे ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड. आता तिच्या पोटातून अटल बोगदा जातो. लांबी ९.०२ किलोमीटर. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो सुरू झाला आणि लेहच्या वाटेचे ४६ किलोमीटर वाचले. अलीकडे हिरवीगार देवदारांची झाडी, आणि दहा-बारा मिनिटांनी पलीकडे बाहेर पडलो, तर उघडेबोडके तपकिरी डोंगर! जणू कुणी मधल्या वेळात पडदा बदलला. पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांना अडतात म्हणून ही गंमत. आपल्याकडे महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तोच हा प्रकार, फक्त फार मोठ्या मापाचा.

बोगद्यानंतर कोकसर, मग ग्रांफू. इथे लेहचा रस्ता सुटला, आणि खरं सांगायचं तर रस्ताच सुटला. पुढे होती चंद्रा नदीच्या काठाने जाणारी दगडगोट्यांची वाट. सीमा रस्ते संघटनेचं काम ठिकठिकाणी चालू होतं. एका वळणावर दरड आलेली. जेसीबी धोंडे उचलून नदीत टाकत होता. आम्ही चार तास थांबलो. हे चार तास लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच आम्हाला अडचणीत आणलं.

वेळ होता, तेव्हा भाचीने भाईजींना गाडीचं बॉनेट उघडायला लावलं.

"भाईजी, यात स्पार्क प्लग कुठे आहे?"

"नहीं है, बेटा. डीज़ल है ना!"

खरंच नसतो. तुम्ही सायकलच्या चाकात पंपाने हवा भरता ना? दहा-बारा दट्टे मारले की पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. हवा जोरात दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने हेच वापरलं. १८९७ साली ऑग्सबर्ग शहरात त्याचं इंजिन पहिल्यांदा यशस्वीपणे चाललं. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापेल. मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. काडी लावावी लागत नाही, फवारा आपोआप पेटतो. पेट्रोलच्या साध्या इंजिनात हवा साधारण दहा पट दाबतात, आमच्या डस्टरमध्ये पंधरा पटींहून जास्त. म्हणून डिझेल इंजिन जाडजूड, जड आणि जरा खडखडाटी असतं.

आमच्या गाडीचं इंजिन १,४६१ घनसेंटिमीटरचं. म्हणजे दीड लिटरची बाटलीच म्हणा ना! ताकद ११० अश्वशक्ती. पण डोंगरात अश्वशक्तीपेक्षा दुसरा एक आकडा जास्त कामाचा, पीळ देण्याची ताकद, म्हणजेच टॉर्क. चढावर सायकल उभी राहायला आली, की तुम्ही सीटवरून उठून पेडलवर सगळा भार टाकता. पाय हळू फिरतो, पण जोर भरपूर. तो जोर म्हणजे टॉर्क. डस्टरमध्ये तो सुमारे २४५ न्यूटन-मीटर, आणि इंजिन मिनिटाला १,७५० फेऱ्यांच्या आसपास फिरत असतानाच मिळतो. म्हणजे इंजिनला ओरडायला न लावता गाडी दगडांवरून चढते. गियर सहा आहेत, त्यातला पहिला मुद्दाम आखूड ठेवलाय. त्यात गाडी माणसाच्या चालीने चढते.

अस्सल जीपमध्ये याशिवाय एक वेगळा दांडा असतो. तो ओढला की सगळेच गियर आणखी जोरदार होतात. आपल्या नाशिकला बनणाऱ्या थारमध्ये तो आहे. डस्टरमध्ये नाही. तिने पहिल्या गियरवर भागवलंय. मला विचाराल तर काझाच्या वाटेला तेवढं पुरतं. पण कुणी "ही जीपच आहे" म्हणालं, तर मान डोलावू नका.

दरड मोकळी झाली. छत्रू गावाच्या अलीकडे पहिला नाला आडवा आला. इथे नाला म्हणजे आपल्याकडचा नाला नव्हे हं! वरच्या हिमनदीचं वितळलेलं पाणी डोंगरावरून धावत येतं आणि रस्त्यावरून आडवं जाऊन चंद्रेत उडी मारतं. पूल नाही, काही नाही. पलीकडच्या काठाला एक छोटी मोटार चिखलात रुतलेली. पुढचं एक चाक गरगर फिरत होतं, दुसरं मात्र ढिम्म. आत एक आजी आणि दोन लहान मुलं.

"आत्या, एक चाक फिरतंय आणि दुसरं का नाही?" भाचीने विचारलं.

प्रश्न फार चांगला. शाळेच्या कवायतीत चौघांची रांग वळण कशी घेते, आठवा. आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरच्याला मात्र धावावं लागतं. गाडीच्या चाकांचंही तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. ती दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण ही पेटी थोडी भोळी आहे. एक चाक निसरड्या चिखलात गेलं, की त्याला फिरणं सोपं होतं, आणि सगळी गती त्यालाच मिळते. घट्ट जमिनीवरचं चाक बिचारं उभंच. ढकलणारं कुणी नाही, गाडी अडकली!

चार चाकं चालवायची कल्पना इथे कामाला येते. डस्टर एरवी पुढच्या दोन चाकांवर पळते. मागच्या चाकांकडे एक लांब दांडा जातो आणि त्याच्या टोकाला पातळ चकत्यांची एक थप्पी असते. पत्त्यांचा जोड हातात सैल धरा, पत्ते एकमेकांवरून घसरतात. आता दोन्ही तळव्यांत घट्ट दाबा. सगळा जोड एकच ठोकळा झाला की नाही? गाडीत हे दाबायचं काम विद्युतचुंबक करतो. गियरच्या दांड्यापाशी एक गोल खटका आहे, तीन खुणांचा. एका खुणेवर फक्त पुढची चाकं. दुसरी खूण 'ऑटो', तिच्यावर पुढची चाकं घसरली की चकत्या आपोआप आवळतात आणि मागची चाकं मदतीला येतात. तिसरी खूण 'लॉक'. तिथे चकत्या आवळलेल्याच राहतात, आणि जोर निम्मा पुढे, निम्मा मागे जाऊ शकतो. वेग वाढला की गाडी स्वतःच लॉक सोडून ऑटोवर येते, कारण कोरड्या रस्त्यावर भरधाव जाताना चकत्या आवळून ठेवणं यंत्राला सोसत नाही. शिवाय एखादं चाक एकटंच गरगरायला लागलं, तर गाडीतला संगणक फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. मग जोर नाइलाजाने जोडीदाराकडे जातो. भोळ्या पेटीवर हा चांगला उतारा.

भाईजी लगेच पाण्यात शिरले नाहीत. खाली उतरले, पँट वर केली आणि काठी टेकत नाला स्वतः चालून आले. बर्फाचं पाणी ते! परत आले तेव्हा पाय लालबुंद. पाणी निम्मं चाक बुडेल इतकं, तळाशी गोटे, मध्ये एक खड्डा. त्यांनी खटका 'लॉक'वर फिरवला, पहिला गियर टाकला आणि गाडी हलकेच पाण्यात घातली. ना जोरात, ना थांबत. पाण्यात गियर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. धडाक्यात घुसलं, तर पाणी बॉनेटवर चढून इंजिनच्या हवेच्या नळीत शिरू शकतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये घोटभर पाणी गेलं, तरी आतला पोलादी दांडा वाकतो आणि इंजिन तिथेच संपतं.

गाडी डुलत, खडखडत पलीकडे गेली. मग दोर बांधून त्या छोट्या मोटारीला बाहेर ओढलं. आजींनी भाईजींच्या हातावर अक्रोड ठेवले.

आणि तेवढ्यात समोरून कोण आलं असेल? हिमाचल परिवहनची काझाहून येणारी लाल डब्याची बहीण, साधी एसटी! टपावर सामान, आत खचाखच माणसं. तिची फक्त मागची चाकं ओढतात. संगणक नाही, चुंबक नाही. ड्रायव्हरसाहेबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, गियर टाकला आणि बस शांतपणे नाला ओलांडून गेली सुद्धा. चाकं मोठी, वजन भरपूर, आणि या वाटेवरची वर्षानुवर्षांची ये-जा. भाची तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. वहीत तिने लिहिलं, "बस: २ चाकं. तरी पास."

छत्रूला चहा घेऊन पुढे निघालो. अडीच-तीन वाजले असतील. दुसऱ्या नाल्यापाशी पोचलो आणि सगळेच गप्प झालो. पाण्याचा रंग राखाडी, आवाज इतका मोठा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पाण्याखालून धोंडे गडगडत असल्याचा "धुडुम धुडुम" नाद पायाला जाणवत होता.

असं का झालं? रात्री थंडीने हिमनदीचं वितळणं मंदावतं. सूर्य वर आला की ते वाढतं. ते पाणी डोंगर उतरून रस्त्यापर्यंत येईतो दुपार होते. म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी कमरेएवढा होतो. पहाटे लवकर निघायचं ते याचसाठी. आमचे चार तास दरडीने खाल्ले होते.

मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. त्यातला एक तरुण उतरून म्हणाला, "अरे भाई, तुम्हारी तो फोर बाय फोर है! निकालो ना, हम पीछे आते हैं।" भाईजी काही बोलले नाहीत. त्यांनी एक मोठा गोटा उचलून पाण्यात टाकला. तो तळाला टेकायच्या आतच वाहून गेला.

"साब, पहिया तो तब चलेगा जब ज़मीन को पकड़ेगा," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी वळवली.

हे नीट समजून घ्या. चारही चाकांना ताकद दिली, तरी चाक जमिनीला टेकलेलं हवं. पाणी गाडीला खालून उचलतं, बाजूने ढकलतं. फूटभर वाहतं पाणी लहान मोटारीला हलवू लागतं, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकतं. मग चाकं चार फिरोत नाहीतर आठ. आईबाबांनाही हे वाचून दाखवा, कारण पावसाळ्यात आपल्याकडे फरशीपुलावरून पाणी वाहत असतं, तेव्हाही हिशेब हाच असतो.

काझाची खोली आरक्षित होती, पैसे भरलेले होते. पण त्या रात्री आम्ही छत्रूच्या ढाब्यात झोपलो. सुमारे ३,३०० मीटर उंचीवर, चार रजया अंगावर घेऊन, पत्र्यावर वाजणारा वारा ऐकत. मागच्या गाड्यांतली मंडळीही तिथेच आली. तो तरुण आधी खट्टू होता, मग राजमा-चावल खाऊन गाणी म्हणायला लागला. आणखी एक फायदा झाला, बरं का. मनालीहून एका दिवसात एकदम उंच गेलं, की विरळ हवेने डोकं दुखतं, उलट्या होतात. आम्हाला एक रात्र सवय करायला मिळाली.

सकाळी सहाला पुन्हा त्याच नाल्यापाशी गेलो. काल गर्जना करणारा तो हाच का, असा प्रश्न पडावा! मधल्या दगडांवर बर्फाची पातळ काच, आणि पाणी जेमतेम घोटाभर. गाडी दीड मिनिटात पार.

पुढे बातल, आणि तिथून वळणावळणाने कुंझुम खिंड. उंची सुमारे ४,५५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या पावणेतीन पट! इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा खूप कमी, निम्म्याहून थोडाच जास्त. पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ शिजता शिजत नाही. आपल्याला धाप लागते, तशी इंजिनलाही लागते. जाळायला प्राणवायूच कमी! त्यावर उपाय टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो, त्याला जोडलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. ही चक्रं मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतात. म्हणून डस्टर कुंझुमवर चढली. पण खालच्या तरतरीने नाही हं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर विचार करायची आणि मग "बरं" म्हणून निघायची.

खिंडीत देवीचं छोटं मंदिर, शेकडो रंगीत पताका. इथली रीत अशी, की प्रत्येक गाडीने मंदिराला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जायचं. आम्हीही घातली. अलीकडचं पाणी चंद्रेतून चिनाबला जातं, पलीकडचं स्पीती नदीतून सतलजला. इथून पुढे शेकडो किलोमीटर वेगळे राहून ते अखेर एकत्र येतात आणि मग सिंधूला मिळतात.

उतारावर भाईजींनी पायापेक्षा गियर जास्त वापरला. चार चाकं ओढणारी गाडी चढते छान, पण थांबते इतर गाड्यांसारखीच. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे दुसऱ्या गियरमध्ये, इंजिनलाच गाडी रोखून धरायला लावत आम्ही लोसरला उतरलो आणि दुपारी काझात पोचलो.

काझात डिझेल भरलं. तिथल्या पंपावर जगातला सर्वांत उंच पंप अशी पाटी आहे. पुण्याच्या टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था गाड्या तपासते. तिच्या चाचणीत ही डस्टर लिटरला एकोणीस किलोमीटरच्या वर गेली होती. भाचीने आमचा हिशेब मांडला, तर आला अकरा. दगड, चढ आणि पहिला गियर यांची परीक्षा पुण्यातल्या चाचणीत नसते.

हिवाळ्यात मात्र इथे डिझेललाच हुडहुडी भरते. त्यात मेणासारखे पदार्थ असतात. कडाक्याच्या थंडीत ते गोठून नळ्या तुंबतात. जुने ड्रायव्हर टाकीखाली शेकोटी करत, असं भाईजींनी सांगितलं. भलतंच धोक्याचं काम! नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

पुढचे दोन दिवस आम्ही की मठ, चिचमचा उंच पूल आणि लांगझा पाहिलं. लांगझाच्या मातीत शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. ते उचलून आणायचे नाहीत, पाहून तिथेच ठेवायचे.

जाणार असाल तर जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा. हिवाळ्यात कुंझुम बंदच असते. लहान मुलं बरोबर असतील तर सिमला-किन्नौरच्या वाटेने चढा. ती लांबची आहे, पण उंची हळूहळू वाढते. एक जादा टायर, दोर, गरम कपडे आणि हाती एक मोकळा दिवस ठेवा. आणि हिक्कीमला जाच. तिथे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, १९८३ पासून चालणारं टपाल कार्यालय आहे. भाचीने तिथून स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. त्यावर डस्टरचं चित्र काढलं होतं, चारही चाकांना बाण दाखवून. ते अठराव्या दिवशी घरी पोचलं.